टोपण घट्ट असूनही व्हेप लिक्विडची बाटली गळते तेव्हा

ई-सिगारेटमध्ये भरायच्या लिक्विडची बाटली उभी ठेवलेली असते, टोपण पूर्ण फिरवलेलं असतं, तरी सकाळी हात लावला की टोपणाखाली चिकट कडं लागतं. पुसून ठेवलं तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. यावर बहुतेक जण टोपण आणखी जोरात आवळतात. त्याने आठवडाभर बरं वाटतं आणि मग गळती पहिल्यापेक्षा वाढते, कारण थेंब सोडणारं मऊ प्लास्टिकचं टोक, म्हणजे नोझल, त्या दाबाखाली कायमचं पसरलेलं असतं.

या दाबायच्या बाटल्यांमध्ये गळतीचं मूळ टोपणात कमी आणि आत अडकलेल्या हवेत जास्त असतं. लिक्विड आपणहून वर चढत नाही, त्याला कोणीतरी ढकलावं लागतं, आणि ते काम हवा करते. टोपण, आटे, नोझल या फक्त वाटा आहेत. म्हणून वाट कुठली आहे ते शोधायचं आणि सोबत हवेचा दाबही कमी करायचा. यातलं एकच केलं तर तक्रार परत येते.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, वाहतूक आणि साठवण यांवर बंदी आहे. पुढचं सगळं जिथे हे लिक्विड बाळगायला परवानगी आहे तिथल्या वाचकांसाठी आहे.

आधी ओल कुठून येते ते पाहा

बाटली रिकामी असेल तर तपासणी सोपी आहे. ती धुऊन घ्या, नोझल बसवा, टोपण लावा, पाण्याच्या भांड्यात पूर्ण बुडवा आणि दोन बोटांनी हळूहळू दाबा. बुडबुडे तळाच्या शिवणीतून किंवा खांद्याच्या वळणावरून आले तर बाटलीला चीर आहे, ती टाकून द्या. टोपणाखालून आले तर अजून एक पायरी लागते. टोपण काढा, नोझलचं तोंड बोटाने बंद करा आणि पुन्हा पाण्यात दाबा. आता नोझलच्या बुडाशी, म्हणजे ते गळ्यात जिथे बसतं तिथे बुडबुडे आले तर बैठक सैल आहे. तिथे काहीच आलं नाही तर बैठक ठीक आहे आणि दोष नोझलचं तोंड व टोपण यांच्या मेळात आहे.

बाटली भरलेली असेल तर बाहेरून अगदी कोरडी करा. टिश्यू पेपरची अरुंद पट्टी नोझलच्या बुडाभोवती गुंडाळा, टोपण लावा, दुसरी पट्टी टोपणाच्या खाली गळ्याभोवती गुंडाळा आणि बाटली झिपच्या पिशवीत आडवी ठेवून रात्र जाऊ द्या. आतली पट्टी खालच्या कडेने भिजली तर बैठक, वरून भिजली तर नोझलचं तोंड. बाहेरचीच पट्टी भिजली आणि आतली कोरडी राहिली तर बहुधा आट्यांत आधीचं सांडलेलं लिक्विड साचून राहिलंय आणि तेच हळूहळू उतरतंय. हा तिसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त आढळतो. त्यात बाटली गळतच नसते, ती नीट पुसलेली नसते.

पाण्याने घेतलेल्या चाचणीवर एका बाबतीत विसंबू नका. बाटली पाणी भरून उलटी ठेवली आणि गळली नाही, म्हणजे ती लिक्विडलाही धरून ठेवेल असं नाही. पाण्याचा पृष्ठताण जास्त असतो आणि पॉलिइथिलिनला, म्हणजे या बाटल्यांच्या मऊ प्लास्टिकला, ते नीट चिकटत नाही, त्यामुळे बारीक फटीत ते शिरायला कां-कू करतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीजी, या लिक्विडच्या पातळ घटकाचा पृष्ठताण पाण्याच्या जवळपास निम्मा आहे. ते प्लास्टिकवर पसरतं आणि केसाएवढ्या फटीतूनही रांगत जातं. म्हणून तीच बाटली व्हीजी, म्हणजे ग्लिसरीन, हा घट्ट घटक जास्त असलेल्या लिक्विडला महिनोन् महिने सांभाळते आणि पीजी जास्त असलेलं लिक्विड भरलं की दुसऱ्या दिवशी ओली दिसते. पाण्यात बुडवून दाबण्याची चाचणी मात्र हवेची आहे, त्यामुळे ती विश्वासाची.

हवा काय करते

६० मिलिची बाटली अर्धी संपली आहे असं धरा. आत ३० मिलि हवा आहे. खोलीतलं तापमान २० अंश सेल्सिअसवरून ४५ वर गेलं तर ती हवा साधारण साडेआठ टक्के फुगते, म्हणजे तिला अडीच मिलि जास्त जागा लागते. बाटलीच्या मऊ भिंती थोडं पोट काढून त्यातली काही जागा देतात, उरलेला दाब वाट शोधतो. बाटली आडवी किंवा उलटी असेल तर हवेच्या आणि नोझलच्या मध्ये लिक्विड असतं, आणि अडीच मिलि म्हणजे निदान पन्नास थेंब. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान ५० अंशांच्या पुढे सहज जातं. गाडीत ठेवलेल्या बाटल्यांच्या तक्रारी त्यामुळेच इतक्या येतात.

मग उभी बाटली का ओली होते? तिथे तर वर हवा आहे आणि लिक्विड खाली. उत्तर नोझलच्या नळीत आहे. वापरून झाल्यावर त्या बारीक नळीत लिक्विडचा एक स्तंभ अडकून राहतो. दिवसा ऊब आली की हवा फुगते आणि तो स्तंभ वर टोपणात ढकलते. रात्री गारवा आला की बाटली बाहेरची हवा आत ओढते, पण टोपणात गेलेलं लिक्विड सगळं परत येत नाही, ते कडेने आट्यांत उतरतं. पुढच्या वेळी वापरलं की नळी पुन्हा भरते. असा हा दिवसरात्रीचा पंप चालू राहतो आणि आठवड्यात टोपण आतून बरबटतं. टोपण कितीही आवळलं तरी यात फारसा फरक पडत नाही, कारण नळीतलं लिक्विड काढलेलंच नसतं.

उपाय दोन क्षणांचा आहे. थेंब टाकून झाले की बाटली पटकन सरळ करा आणि सरळ झाल्यावरच बोटांचा दाब सोडा. दाब सुटताना बाटली हवा आत ओढते आणि नळीतलं लिक्विड तिच्याबरोबर खाली जातं. बाटली उलटी असतानाच दाब सोडण्याची सवय असेल तर हवेचा बुडबुडा आत जातो खरा, पण त्यामागोमाग नळी पुन्हा भरते. मग बाटलीला टेबलावर एक हलका ठोका द्या, नोझलचं टोक कोरड्या टिश्यूने टिपून घ्या आणि टोपण लावा. माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यावर मिटतात, म्हणून नवी टोपणं मागवण्याआधी आठवडाभर हे करून पाहावं.

दुसरा उपाय बाटलीच्या आकाराचा. हवा जितकी कमी, तितकं ढकलणं कमी. ६० मिलिच्या बाटलीत तळाशी १० मिलि उरलं असेल तर ते १० मिलिच्या बाटलीत काढा. नवी बाटली भरताना मात्र काठोकाठ भरू नका. लिक्विडही तापल्यावर थोडं फुगतं आणि हवेची गादीच नसेल तर ते सरळ नोझलमध्ये येतं. खांद्याच्या वळणापर्यंत भरणं योग्य.

विमानप्रवासात हेच वेगळ्या कारणाने घडतं. केबिनमधला दाब साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश. आतली ३० मिलि हवा ४० मिलि व्हायला बघते. मऊ बाटली असेल तर टोपण लावण्याआधी ती सरळ धरून थोडी दाबा, हवा बाहेर जाऊ द्या आणि भिंती आत गेलेल्या असतानाच टोपण लावा. वर गेल्यावर हवेला फुगायला जागा राहते आणि भिंती आपोआप सरळ होतात. पीईटी या कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत ही युक्ती चालत नाही, भिंत फारशी आत जात नाही. तिथे छोटी, भरलेली बाटली आणि झिपची पिशवी हाच मार्ग. उतरल्यावर टोपण उघडताना बाटली सरळ धरा आणि तोंड स्वतःपासून दूर ठेवा.

नोझलची बैठक

नोझल बाटलीच्या गळ्यात आट्यांनी बसत नाही, दाबून बसवलेलं असतं. त्याच्या बुडाला एक-दोन उठावदार कडी असतात आणि ती गळ्याच्या आतल्या बाजूला घट्ट टेकतात. एका बाजूने कडं अर्धवट बसलं की तिथे चंद्रकोरीएवढी फट राहते. वरून पाहिलं तर नोझल किंचित कललेलं दिसतं. अंगठ्याने तिरकं दाबून बसवलेल्या नोझलमध्ये हे हमखास होतं.

ते असं बसवा: बाटली सपाट टेबलावर ठेवा, नोझल गळ्यावर सरळ उभं करा, त्यावर टोपण उपडं न करता नुसतं ठेवा आणि तळहाताने सरळ खाली दाबा. बसताना टक असा आवाज येतो किंवा हाताला एक टप्पा जाणवतो. नाहीच बसलं तर रिकाम्या बाटलीचा गळा आणि नोझल कोमट ते गरम पाण्यात, हाताला सोसेल इतक्या, मिनिटभर धरा. मऊ पॉलिइथिलिन उबेने आणखी लवचिक होतं आणि कडं सरकतं. उकळतं पाणी नको, गळा वाकडा होईल आणि मग काहीच बसणार नाही.

खरी हानी नोझल काढताना होते. पुन्हा भरण्यासाठी लोक सुरीच्या टोकाने ते उचकटतात, आणि सुरीचा एक ओरखडा म्हणजे लिक्विडसाठी खणलेला पाट. तो डोळ्यांना दिसत नाही, पण गळती त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा होते. नोझल काढायचंच असेल तर ते जाड कापडात धरून एका बाजूला वाकवा, धातूचं काही घालू नका. त्याहून चांगलं म्हणजे काढूच नका. मऊ बाटलीतली हवा दाबून बाहेर काढा, नोझलचं टोक स्वच्छ पेल्यातल्या लिक्विडमध्ये बुडवा आणि दाब सोडा, बाटली आपणच ओढून घेते. दोन-चार वेळा केलं की ती भरते. टोक पुसून टोपण लावायचं. पीजी जास्त असेल तर हे झटपट होतं, व्हीजी जास्त असेल तर धीर लागतो.

वेगवेगळ्या संचांतली नोझलं आणि बाटल्या एकत्र करून ठेवणं हेही नेहमीचं कारण. गळे दिसायला सारखे असतात, पण मिलिमीटरच्या अंशाचा फरक पुरतो. संच वेगळे ठेवा, आणि नोझल सहज, विनाअडथळा आत गेलं तर ते त्या बाटलीचं नाही असं समजा. गोंद, टेप, आट्यांवर गुंडाळायची पांढरी पट्टी यांतलं काहीही इथे वापरू नये. पॉलिइथिलिनला गोंद धरत नाही आणि त्याचे कण लिक्विडमध्ये उतरतात.

टोपण

टोपणाच्या आत, मधोमध पाहा. बहुतेक टोपणांत एक छोटी खुंटी असते, ती नोझलच्या छिद्रात शिरते. बंद होणं ते तिथेच. आटे फक्त टोपणाला खाली धरून ठेवतात, लिक्विड अडवणं हे त्यांचं काम नाही. टोपण टेकल्यावर आणखी जोर दिला की खुंटी नोझलचं तोंड रुंद करते. मऊ प्लास्टिक सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि परत येत नाही, म्हणून पुढच्या वेळी तितकंच आवळून पुरत नाही. टोपण अडेपर्यंत फिरवा, मग अगदी थोडंसं, आणि थांबा. नोझलचं टोक ब्लेडने कापून मोठं करणाऱ्यांची बाटलीही याच कारणाने गळते. खुंटीला बसायला जागाच राहत नाही.

लहान मुलांना उघडता येऊ नये अशी टोपणं दोन थरांची असतात, बाहेरचं कवच आणि आतलं खरं टोपण. दाबून फिरवलं तरच दोन्ही एकत्र फिरतात. बंद केल्यावर न दाबता उलटं फिरवून पाहा, ते टकटक करत नुसतं घरंगळायला हवं. न दाबता उघडलं तर आतले दाते झिजलेत. असं टोपण गळत नसलं तरी फेकून द्या, कारण त्याचं मुख्य काम संपलेलं आहे.

नव्या बाटलीच्या पहिल्या गळतीचं कारण पुष्कळदा सीलची कडी असते. पहिल्यांदा उघडताना ती तुटते आणि तिचा एखादा तुकडा टोपणाच्या खाली दुमडून अडकतो. मग टोपण एका बाजूने उचललेलं राहतं. गळ्यावर उरलेली कडी कात्रीने काढून टाका.

आट्यांतला चिकटा कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने जातो. पीजी आणि व्हीजी दोन्ही पाण्यात विरघळतात, त्यामुळे कुठल्याही तीव्र द्रावकाची गरज नाही. टोपणाच्या आतल्या खोबणीत कापसाची काडी फिरवा आणि पूर्ण कोरडं करा. भांडी धुण्याच्या यंत्रात या बाटल्या टाकू नका. पीईटी ७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि बाटली आक्रसते.

गळत नाही, पण थेंब नीट पडत नाहीत

ही वेगळी तक्रार, तरी मूळ तेच. तपासायला एक चांगला मापदंड आहे. युरोपीय संघाच्या २०१६ च्या अंमलबजावणी निर्णयात थेंब टाकणाऱ्या भरण-बाटल्यांसाठी असं म्हटलंय की नोझल निदान ९ मिलिमीटर लांब आणि ई-सिगारेटमधल्या लिक्विडच्या टाकीच्या तोंडापेक्षा अरुंद असावं, आणि बाटली सरळ उलटी धरली, दाबली नाही, तर २० अंश सेल्सिअसला, पाच अंश इकडेतिकडे, मिनिटाला २० पेक्षा जास्त थेंब पडू नयेत. घड्याळ लावून ही चाचणी घरी करता येते. बाटली मात्र चिमट्याने किंवा दोन बोटांच्या टोकांनी तळाशी धरा. मुठीत धरली तर तळहाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि बाटली न दाबताही थेंब टाकत राहते. मुठीत धरून टाकी भरणाऱ्यांचं लिक्विड सांडतं ते यानेच, त्यात बाटलीचा दोष नसतो.

थेंब फार भराभर पडत असतील तर बारीक छिद्राचं नोझल घ्या. उलट, थेंबच येत नसेल तर व्हीजी, म्हणजे ग्लिसरीन, किती आहे ते पाहा. २० अंशांना ग्लिसरीन पाण्यापेक्षा चौदाशे पट घट्ट वाहतं, पीजी पन्नास-साठ पट. थंडीत व्हीजी आणखी जड होतं, तापवलं की झपाट्याने सैल होतं. बंद बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, मग बाहेर काढून पुसा आणि उघडण्याआधी थोडं थांबा, कारण आतली हवाही तापलेली असते. जोर लावून पिळू नका. नोझल गळ्यातून उडून सगळं लिक्विड हातावर येण्याचे प्रकार याच वेळी होतात.

भरताना टाकीच्या तोंडाशी ओघळ येत असेल तर नोझलने ते तोंड पूर्ण बंद केलंय का ते पाहा. लिक्विड आत जायला आतली हवा बाहेर यायला हवी. नोझल तोंडाच्या एका कडेला टेकवा, दुसऱ्या बाजूला फट राहू द्या आणि हळू दाबा. भरून झालं की नोझल बाहेर काढा आणि मगच दाब सोडा, नाहीतर बाटली टाकीतलंच लिक्विड परत ओढते.

प्लास्टिक कुठलं आहे

तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ४ म्हणजे एलडीपीई, सर्वांत मऊ पॉलिइथिलिन, दाबायला सोपं. २ म्हणजे एचडीपीई, जरा कडक पॉलिइथिलिन, दुधाळ. १ म्हणजे पीईटी, काचेसारखं पारदर्शक. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते टोपणांना वापरतात.

एलडीपीईच्या रेणूंच्या साखळ्यांना फांद्या असतात, त्या एकमेकींलगत दाटीने बसत नाहीत. म्हणून ते मऊ असतं, आणि म्हणूनच त्यातून ऑक्सिजन पीईटीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आत शिरतो आणि वासाचे रेणू भिंतीत मुरतात. कोरडी बाटली कपाटात वास सोडत असेल तर बहुधा ती गळत नाहीये, भिंतीतून सुगंध जातोय. लिंबूवर्गीय चवींतलं लिमोनीन पॉलिइथिलिनमध्ये चांगलंच मुरतं, त्यामुळे अशी चव एलडीपीईत महिनाभरात फिकी लागते. दालचिनीच्या आणि लिंबाच्या चवी पॉलिकार्बोनेट व पॉलिस्टायरीन यांना तडे पाडतात, हे टाकी निवडताना लक्षात ठेवा. जुनी बाटली धुऊन नवी चव भरली आणि आधीचा वास येत राहिला तर धुण्यात कसूर नाही, प्लास्टिकनेच तो धरून ठेवलाय.

भिंती आपोआप आत ओढल्या गेल्या असतील तर लिक्विड गरम असताना भरून टोपण लावलं होतं का ते आठवा. थंड झाल्यावर हवा आक्रसते आणि बाटली खपाटीला जाते. टोपण एकदा उघडून लावलं की ती पूर्ववत होते.

निकोटीन हवेने आणि उजेडाने तपकिरी होत जातं. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की दाबायची एलडीपीई बाटली काही आठवड्यांच्या वापरापुरती ठेवावी आणि साठा गडद काचेच्या बाटलीत, गार आणि अंधाऱ्या जागी. १०० मिग्रॅ प्रति मिलिसारखं तीव्र निकोटीन दाबायच्या बाटलीत ठेवूच नये. एक चुकीचा दाब, आणि ते डोळ्यात जाऊ शकतं.

गळलेलं लिक्विड हाताला लागलं तर

हे मी शेवटी ठेवलंय, पण हाताळायला सुरुवात करण्याआधी वाचावं असं आहे. निकोटीन त्वचेतून शरीरात जातं. युरोपात १० मिलिची बाटली आणि २० मिग्रॅ प्रति मिलि ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे एका बाटलीत २०० मिग्रॅपर्यंत निकोटीन असू शकतं आणि लहान मुलासाठी ते जिवावर बेतू शकतं. अमेरिकेतही अशा बाटल्यांना मुलांना न उघडणारं टोपण बंधनकारक करणारा कायदा २०१६ च्या जुलैत लागू झाला. म्हणून ओली बाटली ही नुसती कटकट समजू नका. पिशवीत, उशीजवळ, खेळण्यांजवळ ती असता कामा नये.

गळकी बाटली पुसताना नायट्राइलचे हातमोजे घाला. लिक्विड अंगाला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, भिजलेला कपडा उतरवा. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मळमळ, उलटी, घाम, चक्कर, धडधड यांतलं काही जाणवलं, किंवा मुलाने बाटली तोंडाला लावल्याचा नुसता संशय आला, तरी लगेच विषबाधा केंद्र किंवा दवाखाना गाठा. उलटी मुद्दाम करवू नका. बाटली सोबत न्या, तिच्यावरचं प्रमाण डॉक्टरांना लागेल.

या बाटल्या आणि डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्या हातात सारख्याच लागतात. झोपेत, चष्म्याविना, चुकून लिक्विड डोळ्यात घातल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. औषधाच्या रिकाम्या बाटलीत लिक्विड कधीही भरू नका आणि दोन्ही एका खणात ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या, कुलूप लागणाऱ्या डब्यात, आणि बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उभीच राहू द्या. प्रत्येक बाटलीवर निकोटीनचं प्रमाण, पीजी-व्हीजीचं प्रमाण आणि भरल्याची तारीख पाण्याने न जाणाऱ्या शाईने लिहा. पीजी चिठ्ठीचा डिंकही सोडवतं, म्हणून चिठ्ठीवर पारदर्शक टेप गुंडाळा. बाटली टाकून देताना दोन वेळा पाण्याने खंगाळा, टोपण लावूनच टाका, आणि जिथे निकोटीनचा कचरा वेगळा घेतात तिथे तो वेगळाच द्या.